आडवं झाड, जैसे थे

"आधी आवर, मग बोल!"

वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांचा हा आवाज काही घर सोडून गेला नव्हता. लहानपणी गुडघा फुटला तरी आधी दप्तर जागेवर आणि मग रडणं, असा शिरस्ता. त्या आवाजाच्या धाकात मुलगा मोठा झाला, कचेरीत रेकॉर्ड विभागाचा हेडक्लार्क झाला, निवृत्त झाला आणि गल्लीत 'टापटीपराव' या नावानं ओळखला जाऊ लागला. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि तिथंच सुखात होतं.

निवृत्त माणसाच्या हाताला काम नसलं की घरातल्यांच्या जिवाला घोर लागतो. टापटीपरावांनी आधी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. बायकोला साखर सापडेना. मग त्यांनी औषधांच्या बाटल्या रंगाप्रमाणे लावल्या. तेव्हा मात्र बायकोनं कोपरापासून हात जोडले.

"अहो, घरात नका हो! मागची जागा पडलीय एवढी थोरली. तिथं काय उजेड पाडायचा तो पाडा."

हे वाक्य तिला पुढं फार छळणार होतं.

घराच्या मागं ओढ्यापर्यंत त्यांच्याच मालकीची जागा होती. झुडपं, वेली, कमरेएवढं गवत आणि मधे पाचसहा वाकडीतिकडी झाडं. इतकी वर्षं तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. टापटीपराव कोयता घेऊन उतरले आणि जागेची पार हजामत करून वर आले. झाडं तेवढी उरली, बाकी सगळं गुळगुळीत. कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी मान वर काढली आणि मनापासून दाद दिली, "वा भाऊ! कीड सगळी साफ. आता फक्त तोंड उघडायचं!"

टापटीपराव त्या रात्री समाधानानं घोरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा घेतला नाही.

आईची खोली मागच्या बाजूला होती आणि पलंग खिडकीशी. पाय अधू झाले तसं तिचं रोजचं देवदर्शन सुटलं होतं. त्या दिवसांत तिला खूप चुटपुट लागलेली. मग एका पहाटे तिनं खिडकीतून पाहिलं, तर ओढ्याकडं एक हरणी पाणी प्यायला आलेली. कान टवकारून उभी, एक पाय उचललेला. आईनं नकळत हात जोडले. दुसऱ्या दिवशीही ती आली, तिसऱ्या दिवशीही. आईनं मनाशी नेम धरला, हरणी दिसल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

नेम बाहेरून पाहणाऱ्याला हट्टासारखा दिसतो. ज्याचा असतो त्याला मात्र तो काठीसारखा असतो. काठी दुसऱ्याला अडगळ वाटली, तरी काढून घेतली की चालणारा पडतो. घरातल्यांना या नेमाची कधी अडचण झाली नव्हती, कारण हरणी वक्तशीर होती. कचेरीत इतका वक्तशीर माणूस टापटीपरावांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

"अरे, आज आली नाही ती," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, मऊ.

"कोण?"

"हरणी."

"येईल उद्या. तू चहा घे."

"येईलच की. तोवर झाकून ठेव."

चहा झाकला गेला. आणि त्याबरोबर गोळीही राहिली. आईची सकाळची गोळी उजाडल्याबरोबर, पोटात काहीतरी घालून मगच घ्यायची होती. उपाशीपोटी चालत नव्हती आणि उशिरा तिचा उपयोग नव्हता. पुष्कळ विनवण्यांनंतर आईनं एवढं कबूल केलं, की खिडकीच्या शेवटच्या गजावर ऊन आलं की आजची वेळ टळली असं समजून ती जेवेल. पण ऊन तिथवर यायचं म्हणजे जवळजवळ दुपार. थोड्याच दिवसांत तिच्या पावलांवर सूज चढली. घरचे डॉक्टर बोट दाबून पाहत म्हणाले, "गोळी वेळेवर पोटात गेली पाहिजे. नाहीतर पुढचं मला विचारू नका."

टापटीपराव डॉक्टरांना दारापर्यंत सोडून आले. ते आईसमोर जाऊन बसले.

"आई, जनावराच्या पायी कुणी उपाशी राहतं का?"

"उपाशी कुठं? वाट बघतेय."

टापटीपराव उठले. त्यांनी बाजारातून हरणाचं मोठं रंगीत चित्र आणलं, काचेत बसवून घेतलं आणि बरोब्बर खिडकीच्या मधोमध टांगलं. आईनं ते कौतुकानं पाहिलं.

"छान आहे रे. आता चहाचंही एक चित्र आण. दोन्ही समोरासमोर लावू."

स्वयंपाकघरात बायकोनं पदराआड तोंड लपवलं. मग ती गंभीर झाली. "अहो, झुडपं होती तोवर ती येत होती. तुम्ही आवरलंत, आता तुम्हीच पसरा."

पसरा! जन्मात त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण करायचं कसं? माणूस आवरायला शिकतो. पसरायला शिकवणारी शाळा कुठं आहे?

ती शेजारी होती. दातांच्या डॉक्टरांना ज्या विषयातलं कळत नाही असा विषय अजून निघायचा होता. दवाखान्यात तोंडात कापूस कोंबलेल्या पेशंटसमोर त्यांचं बोलणं वर्षानुवर्षं बिनविरोध पार पडत आलेलं. त्यामुळं कुणी मधे बोललं की त्यांना दचकायला व्हायचं. त्यांनी मोबाइलवर शोधून काढलं आणि भिंतीवर कोपरं टेकून व्याख्यान दिलं.

"सोपं आहे भाऊ. हरणाला काय हवं? पाणी हवं, चारा हवा, आणि आडोसा हवा. पाणी आहे. चारा उगवेल. आडोसा तुम्ही उपटलात. दोन उड्यांत लपता येईल असं काही नसलं, तर ते उघड्यावर पाऊल टाकत नाही. तुम्ही तरी दार नसलेल्या न्हाणीघरात आंघोळ कराल का?"

हे टापटीपरावांना एकदम पटलं. तोडलेल्या फांद्या ओढ्याकाठी पडून होत्या, त्या त्यांनी परत वाहून आणल्या आणि आडोसा रचायला घेतला. पण स्वभाव कुठं जाणार? जाड फांद्या खाली, बारीक वर, सगळ्यांची टोकं एका बाजूला. प्रत्येक ढीग सुतळीनं बांधलेला, गाठ फुलासारखी. दोन ढिगांत सारखं अंतर, तेही दोरी धरून आखलेलं. संध्याकाळी बायको पाहायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे रान आहे की तुमची रेकॉर्ड रूम? हरणीनं आधी अर्ज करायचा का?"

हरणीनं अर्ज केला नाही. एक खार तेवढी आली. तिनं सुतळी कुरतडून पाहिली आणि गेली.

आईची पावलं आता चपलेत मावेनात. ती तक्रार करत नव्हती. ओरडली असती तर निदान उलट बोलता आलं असतं.

डॉक्टर नवी माहिती घेऊन भिंतीशी आले. "ढिगांनी होत नाही भाऊ. झाडच आडवं करायचं."

"तोडायचं?"

"छे! तोडायचं नाही. बुंधा कमरेच्या उंचीवर अर्धा कापायचा आणि झाड हळूच वाकवायचं. एका बाजूची साल सलग राहते, मूळ जिवंत राहतं, झाड आडवं पडूनही वाढतं. शेंड्याची पालवी हरणाच्या तोंडाशी येते. खायलाही तेच आणि लपायलाही तेच. मूळ वाचवून वरचं काम करायचं. हा तर माझा रोजचा धंदा!"

या शेवटच्या वाक्यानं टापटीपरावांचा विश्वास बसला. डॉक्टर करवत घेऊन भिंतीवरून उतरले, दवाखान्यातला पांढरा मास्क लावूनच. सवय. झाड कुठल्या बाजूला पडेल यावर त्यांनी बोट ओलं करून वाऱ्यात धरलं आणि ओढ्याकडं दाखवलं. करवत चालू झाली. झाडानं थोडा वेळ विचार केला, कुरकुर केली आणि डॉक्टरांच्या बोटाकडं साफ दुर्लक्ष करून ते उलट्या दिशेनं सावकाश झुकलं. डॉक्टरांच्या भिंतीवर, भिंतीपलीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. तारेवरच्या पांढऱ्या कोटांची ओळ पानांत गडप झाली.

"दुखलं का?" डॉक्टरांनी सवयीनं झाडालाच विचारलं.

भिंतीपलीकडून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. तिनं काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या झाडांच्या वेळी मात्र दोघांनी दोर बांधला आणि टापटीपरावांच्या बायकोला दोराच्या टोकाशी उभं केलं. ती म्हणाली, "लग्नात हे नव्हतं ठरलं." पण दोर तिनं घट्ट धरला. तीन झाडं शहाण्यासारखी आत वाकली, नेमकी आईच्या खिडकीसमोर, म्हणजे हरणी तिला जवळून दिसेल. पानांचे घोस जमिनीला टेकले. टापटीपराव घामानं निथळत होते, हातांना फोड आले होते, पण मनात आशा होती.

दोन दिवसांनी दारात झाडांचे इन्स्पेक्टर उभे राहिले. बगलेत फाइल, कमरेला मोजपट्टी, चेहरा दुपारच्या कचेरीसारखा.

"झाडं तोडल्याची खबर आहे."

"तोडली नाहीत, साहेब. झुकवलीत."

इन्स्पेक्टर मागं गेले. आडव्या झाडाभोवती त्यांनी फेरी मारली. मग फाइल उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं दोनच रकाने आहेत. उभं किंवा पाडलेलं. हे पाडलेलं आहे."

"पण जिवंत आहे. नवी पालवी बघा ना!"

"जिवंत आहे, पण उठत नाही," इन्स्पेक्टर पुटपुटले. "म्हणजे आमच्या सासऱ्यांसारखं झालं. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं हे आमच्या घरात अजून ठरलं नाही."

टापटीपराव आशेनं हसले. इन्स्पेक्टर हसले नाहीत.

"वरिष्ठांना विचारावं लागेल. बहुतेक झाडं काढून जागा मोकळी करायचाच हुकूम होईल. तोवर जैसे थे. पानसुद्धा हलवायचं नाही. झाडणं, कापणं, उचलणं, काही नाही. जो हात लावेल त्याच्यावर कारवाई."

नोटीस एका उभ्या झाडाला बांधून ते गेले. लगेच भिंतीवर डॉक्टर उगवले.

"आले होते का? मीच फोन केला होता."

"तुम्ही?"

"तक्रार नाही हो! चौकशी. परवानगी लागते का म्हणून सहज विचारलं. त्यांनी नाव विचारलं, मी तुमचं सांगितलं. काम तुमच्या जागेत, माझं नाव कशाला मधे घालू? आपल्याला नाही आवडत पुढं पुढं करायला."

टापटीपराव त्या शेजाऱ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. म्हणजे डॉक्टर बोलत होते आणि हे ऐकत नव्हते. त्यामुळं तसा काही फरक पडला नाही.

ज्याला भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर बघवत नाही, त्याला 'जैसे थे' ही शिक्षा काळ्या पाण्यापेक्षा जड. मागं गवत सुटलं. वेली आडव्या झाडांवर चढल्या आणि केस मोकळे सोडून बसल्या. ढिगांच्या सुतळ्या कुजून फांद्या वाटेल तशा पसरल्या. टापटीपराव मागच्या दाराशी उभे राहायचे, हात शिवशिवायचे, कानात वडील ओरडत असायचे. मग नोटिशीकडं पाहून ते आत वळायचे. जन्मभर सरकारी हुकूम मोडला नव्हता. आता म्हातारपणी कुठं मोडायचा?

आणि खिडकीशी आई बसलेली असायची. समोर हिरव्या पानांची भिंत. हरणी दिसत नव्हती ती नव्हतीच. ऊन शेवटच्या गजावर यायचं, मग आई दोन घास खायची. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, आता दवाखान्यात ठेवायची भाषा सुरू केली. बायको झाकलेला चहा रोज मोरीत ओतायची आणि भांडी उगाच आपटायची.

शेवटी एका सकाळी लवकरच इन्स्पेक्टर हजर झाले. हुकूम घेऊनच. "अर्ध्याहून जास्त बुंधा कापलेला असेल तर झाड मेलेलं समजायचं आणि सगळं काढून जागा सपाट करायची. कमी असेल तर ठेवायचं. मोजून सांगतो."

टापटीपरावांचं सगळं आयुष्य त्या पट्टीच्या टोकाशी येऊन थांबलं. जागा सपाट झाली की संपलंच. हरणी पुन्हा या जन्मात यायची नाही, आणि आईचा नेम... पुढचा विचार त्यांनी केला नाही.

भिंतीवरचं झाड पास झालं. खिडकीसमोरचं पहिलंही. दुसरंही. तिसऱ्याचा बुंधा वेलींत पार बुडालेला. इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले आणि पट्टी पुढं सरकवत पानांच्या आत शिरले. बाहेर फक्त त्यांचे बूट राहिले. भिंतीवर डॉक्टर, दाराशी बायको, खिडकीत आई.

बूट हलायचे थांबले.

"साहेब?" टापटीपरावांनी विचारलं. "जास्त भरलं का?"

मग बूट इंचाइंचानं मागं येऊ लागले. इन्स्पेक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत पानं होती, हातात पट्टी नव्हती आणि चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत पिल्लू आहे," ते कुजबुजले. "हरणाचं. एवढंसं. माझ्या नाकापासून हातभर. डोळे उघडे, पण हलत नाही. मीच आधी घाबरलो."

"पाडस?"

"ताजं. गवत सगळं दबलेलं आहे आत, हरणीची बसायची जागा दिसतेय. पुष्कळ दिवसांचा मुक्काम असावा. ओढ्याकडून वाट आहे, इकडून काही दिसत नाही."

टापटीपरावांनी त्या झाडापासून आईच्या खिडकीपर्यंतची पावलं नजरेनं मोजली. म्हणजे हरणी येत होती! रोज येत होती. आईच्या खिडकीपासून दहा पावलांवर झोपत होती. त्यांनी आडोसा इतका नामी केला होता, की ज्या माणसासाठी केला त्याच्यापासूनच ती लपली होती.

ते खिडकीखाली गेले आणि हळू आवाजात आईला सगळं सांगितलं. "आई, आहे गं ती. पण दिसायची नाही तुला. पानं बाजूला करावीत तर पिल्लू आहे. आता काय करू सांग."

आईनं पानांच्या भिंतीकडं पाहिलं. मग तिनं हात जोडले, आणि बराच वेळ जोडलेलेच ठेवले.

"तू काही करू नकोस," ती म्हणाली. "देवळात जायचे तेव्हा देव काय मला स्वतः समोर येऊन दिसत होता? तरी घेतच होते ना चहा? आहे म्हटल्यावर झालं." आणि आत वळून, किंचित मोठ्यानं, "अगं सूनबाई, आण तो चहा. आज झाकू नकोस. आणि गोळी कुठाय माझी?"

बायको धावली ती डोळे पुसतच. ऊन अजून पहिल्या गजावरही आलं नव्हतं. आईनं दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, गोळी घेतली आणि कप पालथा घालून दाखवला. टापटीपरावांच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला. ते खिडकीच्या गजाला धरून उगाचच हसत होते. भिंतीवर डॉक्टर रुमालानं नाक शिंकरत होते, पण आवाज न करता, आणि ते त्यांना फार जड जात होतं.

"साहेब, तिसरं झाड?" टापटीपरावांनी भीत भीत विचारलं.

इन्स्पेक्टरांनी फाइल उघडली, त्या दोन रकान्यांकडं पाहिलं आणि दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहिलं, 'आडवं. कामात आहे.' खाली सही ठोकली. "पिल्लू उठून चालायला लागेपर्यंत तिकडं कुणी जायचं नाही. मीसुद्धा. पण माझी पट्टी आत राहिली हो. सरकारी आहे. उद्या दुसरीकडं मोजणी आहे माझी."

"उद्या सकाळी कचेरी उघडायच्या आत तुमच्या हातात पट्टी देतो," टापटीपराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "शब्द दिला."

आईनं खिडकीतून हाक मारली. "आणि मलाही एक शब्द दे. तिच्या घरात पाऊल घालायचं नाही."

"नाही घालणार, आई."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा टापटीपराव मागच्या दाराशी उभे होते. पानांच्या कडेला पट्टीचं पिवळं टोक बाहेर आलेलं, वेडंवाकडं, दहा पावलं जाऊन हात लांब केला की मिळेल असं. वेलींच्या आत कुठंतरी पान हललं. त्यांनी हात पाठीमागं बांधले.

आतून कपबशीचा आवाज आला. आई चहा घेत होती.

त्यांनी मागचं दार अलगद ओढून घेतलं, पुढच्या दाराशी येऊन चपला हातात घेतल्या, पायरी उतरून मग पायात घातल्या. हार्डवेअरचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि ते लवकर उघडायचं. टापटीपराव नवी पट्टी आणायला निघाले.